अक्रोड फोडायचा गोळा

वेंडेल स्टिल्टनरनं एकतीस वर्षं डॅलीज फोर्डच्या खोऱ्यात घरोघरी टपाल टाकलं, आणि त्या एकतीस वर्षांत एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत कधी पडू दिलं नाही. असा चोख माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं काय होतं, हे त्याच्या बायकोला, रोवीनाला, तीन आठवड्यांत कळून चुकलं. पहिल्या आठवड्यात त्यानं मसाल्यांच्या बाटल्या अक्षरांच्या क्रमानं लावल्या. दुसऱ्या आठवड्यात टॉवेल लावायला घेतले. टॉवेलांना नावं नसतात, म्हणून आधी त्यानं ती दिली. तिसऱ्या आठवड्यात तो फ्रीजचं दार उघडून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "रो, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घातली तर?"

त्या शनिवारी चर्चच्या आवारात जुन्या सामानाची विक्री होती. रोवीनानं तिथून एक वापरलेला मेटल डिटेक्टर उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"हे काय?" वेंडेल म्हणाला.

"जमिनीतलं लोखंड-तांबं शोधायचं यंत्र. हे घ्यायचं आणि बाहेर जायचं."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तरी चालेल. महत्त्वाचं ते 'बाहेर जायचं.'"

वेंडेल बाहेर गेला आणि पहिल्याच दिवशी त्याला ते वेड लागलं. त्या खोऱ्यातून अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात दोन्हीकडच्या फौजा इतक्या वेळा आल्या-गेल्या होत्या की डॅलीज फोर्डमधल्या प्रत्येक घरात एक लढलेला खापरपणजोबा, एक गंजलेली तलवार आणि त्या दोहोंना जोडणारी एक थाप असायचीच. स्टिल्टनरांकडे तलवार नव्हती. ती उणीव आता भरून निघणार, असं वेंडेलला वाटू लागलं. टेट कुटुंबाच्या गुरांच्या कुरणात खणायची परवानगी त्यानं मिळवली. त्यांची तीन पिढ्यांची बिलं त्यानंच पोचवली होती, नाही कोण म्हणणार? मग रोज सकाळी कानाला हेडफोन लावून तो ओढ्याकाठच्या कुरणात यंत्र झुलवत फिरू लागला, आणि गायी रवंथ करत त्याच्याकडे बघू लागल्या.

वस्तू सापडत होत्या. प्रश्न होता त्या ओळखायचा, आणि तिथं वेंडेलची पद्धत अगदी सोपी होती. हाताला लागलं की माती पुसायच्या आधी नाव ठेवायचं. महिनाभरात त्यानं एक लाकडी पेटी भरली. तळाला कापूस, वर वस्तू, आणि प्रत्येक वस्तूखाली टपालखात्याच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. 'घोडदळातल्या अधिकाऱ्याची दाढी विंचरायची फणी.' 'तलवारीच्या पट्ट्याचा आकडा.' 'जनरलच्या छातीवरचं पदक (जनरल कोण ते पाहायचं आहे).' चर्चच्या सामुदायिक जेवणात बटाट्याच्या सॅलडच्या शेजारी त्यानं ती पेटी मांडली, आणि लोक वाढून घेता घेता "वा, वा" म्हणून गेले. रोवीना कपाळाला हात लावून गोड पदार्थांच्या टेबलाकडे निघून गेली.

गावात वस्तू खणणाऱ्यांचा एक क्लब होता. महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी अग्निशमन केंद्राच्या तळघरात संध्याकाळी सहाला सगळे जमायचे. अध्यक्ष लॉयल मॅबरी. हा टायरचा दुकानदार, आवाज असा की चाकात हवा भरतोय असं वाटावं. वेंडेल पेटी घेऊन गेला तेव्हा लॉयलनं सगळं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, "झकास! पण आमच्याकडे रीत आहे. वस्तू आधी कोपऱ्यातल्या टेबलावर जाते. मिस ओटिली जे म्हणतील ते खरं."

कोपऱ्यातल्या टेबलाशी मिस ओटिली क्रॅब्ट्री बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, पर्समध्ये शिंप्याची टेप. गावात ओव्हरऑल, म्हणजे शेतकऱ्यांच्या खांद्याला पट्टे असलेल्या विजारी, शिवायचा कारखाना होता तो बंद पडेपर्यंत अडतीस वर्षं त्यांनी तिथं बटणं आणि बकला लावल्या होत्या. क्लबातल्या पुरुषांनी पुस्तकं वाचली होती, बाईंनी बटणं हाताळली होती. त्यामुळे वाद झाला की शेवटी सगळे टेबलाकडेच यायचे.

"अरे, टपालवाला तू!" बाई म्हणाल्या. "बस. काय आणलंस?"

वेंडेलनं फणी पुढं केली. बाईंनी चिठ्ठी वाचली, फणी उलटसुलट केली, रुमालानं पुसली, आणि सरळ ओठांना लावून फुंकर मारली. फणीतून बारीकसा "पींऽऽ" असा आवाज आला.

"दाढी विंचरताना असा आवाज येतो होय रे?"

"नाही, मॅडम."

"माऊथऑर्गनच्या आतली पट्टी आहे ही. पुढचं?"

वेंडेलनं पट्ट्याचा आकडा दिला. तो बाईंनी भिंगाखाली धरलाही नाही, नुसता अंगठा फिरवला. "ओव्हरऑलची बक्कल. साल एकाहत्तर."

"सालसुद्धा कळतं?" वेंडेलच्या तोंडून निघून गेलं.

"त्या वर्षी आमच्या डाव्या यंत्राचा दात वाकला होता, प्रत्येक बकलेवर इथं असा ओरखडा यायचा. मी सुपरवायझरला दाखवला. तो म्हणाला, शेतकऱ्याच्या खांद्यावर कोण बघायला जातंय? आता बघ, मी बघतेय की नाही!" त्यांनी बक्कल बाजूला ठेवली. "ही बहुतेक मीच लावलीय. पदक दाखव."

पदक छातीला चोळायच्या सर्दीच्या मलमाच्या डबीचं झाकण निघालं. "सर्दी झाली होती वाटतं तुझ्या जनरलला," बाई म्हणाल्या. तोवर मागं पाच-सहा जण जमले होते, आणि हसू दाबताना त्यांच्या खुर्च्या करकरत होत्या. वेंडेल पेटी मिटू लागला, तेवढ्यात बाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. हे कोपऱ्यात काय आहे? ह्याला चिठ्ठी का नाही?"

"तो शिशाचा तुकडा आहे, मॅडम. कापूस उडू नये म्हणून वजन ठेवलंय."

बाईंनी तो करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा उचलला. "बुडाशी तीन वळ्या. आतून पोकळ. ही बंदुकीची गोळी आहे, पोरा, यादवी युद्धातली, अस्सल. सगळ्या पेटीत खरी वस्तू एकच, आणि तीच तू कापसावर दाबून ठेवलीस."

घरी येऊन वेंडेलनं पेटी पलंगाखाली सरकवली. दोन दिवस त्यानं यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मसाल्याचं कपाट उघडलं, तेव्हा रोवीना घाबरलीच. "जा त्या बाईकडे," ती म्हणाली. "शीक. माणूस साठीत शिकत नाही असं कुणी सांगितलं?"

तशी गुरुवारची शिकवणी सुरू झाली. मिस ओटिलींचे गुडघे धरले होते, त्यामुळे वेंडेल फाटकाजवळच्या पेटीतलं त्यांचं टपाल आत आणून द्यायचा. मग त्या कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, आणि ताकाचा पेला पुढं ठेवायच्या आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा करायच्या. त्यात बटणं, आकडे, कड्या, खिळे, बुटाच्या टाचांचे नाल, घुंगरं असं शेकड्यांनी सामान.

"डोळे मिट," बाई म्हणायच्या. "हातात काय आहे?"

"बटण."

"नाव विचारलंय का मी? वजन सांग. जड की हलकं? कड कशी आहे, ओतलेली की ठोकलेली? मागं काय आहे? पुढची बाजू सगळ्यांना दाखवायला असते, खरं काय ते मागं असतं. सगळं झाल्यावर मग नाव. नाव सर्वांत शेवटी."

"पण नाव मनात आपोआप येतं, मॅडम."

"येऊ दे. त्याला दारातच उभं कर. टपालवाला आला म्हणून कुणी त्याला पलंगावर बसवतं का?"

हे वेंडेलला पटलं. एकतीस वर्षांत त्याला पलंगावर कुणीच बसवलं नव्हतं.

तो मनापासून शिकला. उन्हाळा संपेपर्यंत त्याला बोटांनी शिसं आणि जस्त वेगळं कळू लागलं. बटणाच्या मागची कडी पाहून ते आजीच्या काळातलं की तिच्याही आजीच्या, ते सांगता येऊ लागलं. पण माणूस एका बाजूच्या खड्ड्यातून निघाला की बहुधा दुसऱ्या बाजूच्या खड्ड्याकडेच धावतो. आधी वेंडेलला जे मिळेल ते जनरलचं वाटायचं, आता जे मिळेल ते भंगार वाटू लागलं. आणि भंगार म्हणायची त्याला गोडी लागली. त्यात एक ऐट होती. पहिल्या दिवशी आपल्याला हसले त्या सगळ्यांना आता आपण हसवू, असं काहीतरी त्यात होतं.

लॉयल मॅबरीच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर वीस वर्षं एक 'संगिनीचं टोक' लटकत होतं. वेंडेल टायर बदलायला गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "लॉयल, हा कुळवाचा दात आहे."

"माझ्या बापानं खणून काढलंय ते!"

"मग त्यांनी कुळवाचा दात खणून काढला."

लॉयल दोन आठवडे बोलला नाही. टायरही सावकाशच बदलला.

"वेंडेल," रोवीना एकदा जेवताना म्हणाली, "पूर्वी तू खिळ्यालाही सेनापतीचा म्हणायचास. आता उद्या तुला राजाचं सिंहासन सापडलं ना, तर म्हणशील, खुर्चीचा मोडका पाय."

"असतंच बहुतेक तसं," वेंडेल शहाण्यासारखं म्हणाला आणि मटार वाढून घेतले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टेटांच्या कुरणात, ओढ्याच्या वळणावर, यंत्र असं ओरडलं की जवळची गाय उठून दुसरीकडे गेली. वेंडेलनं दोन फूट खणलं. खाली लोखंडाचा गोळा. पपनसाएवढा, चांगला वाटोळा, गंजाची आणि मातीची साल चढलेला. तोफगोळा! हा शब्द आला, दारात उभा न राहता थेट आत घुसला. पण वेंडेल आता कच्चा गडी नव्हता. त्यानं स्वतःला दटावलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी दगड दळायचा कारखाना होता, हे त्याला माहीत होतं. तसल्या कारखान्यात मोठ्या पिंपात लोखंडी गोळे घालून पिंप फिरवतात आणि दगडाचं पीठ करतात. दर वर्षी कुणी ना कुणी असला गोळा तोफगोळा म्हणून क्लबात आणायचं आणि हसं करून घ्यायचं. वेंडेलनं स्वतःचं हसं एकदा करून घेतलं होतं, तेवढं पुरे होतं.

त्यानं गोळा घरी आणला, आणि रीतीप्रमाणे चिठ्ठी लिहिली: 'दगड दळायचा गोळा. किंमत शून्य.' लोखंड ओलं राहिलं तर पापुद्रे सुटतात, ते सावकाश वाळवावं, हे तो शिकला होता. म्हणून त्यानं एका जुन्या कढईत वाळू पसरली, तीत गोळा बसवला आणि कढई स्वयंपाकघरात लाकडाच्या शेगडीशेजारी ठेवून दिली.

आता काळ्या अक्रोडाचं फळ ज्यानं कधी फोडलं असेल त्याला सांगायला नको. साधा अक्रोड अडकित्त्यानं फुटतो. काळा अक्रोड अडकित्ता फोडतो. स्टिल्टनरांच्या अंगणात दोन झाडं होती, आणि चर्चच्या शरद मेळाव्याला रोवीनाचा काळ्या अक्रोडाचा केक गेली बावीस वर्षं ठरलेला. एरवी ती अंगणातल्या फरशीवर हातोड्यानं अक्रोड फोडायची आणि गुडघे दुखवून घ्यायची. यंदा शेगडीच्या उबेला बसून, समोर ही आयती ऐरण. पहिल्याच दिवशी तिनं अर्धी बादली फोडली.

"हा तुझा भंगार गोळा फार उपयोगाचा आहे," ती नवऱ्याला म्हणाली. आणि ह्या वाक्यानं वेंडेलला जितका आनंद झाला तितका त्या पेटीतल्या सगळ्या वस्तूंनी मिळून झाला नव्हता.

दोन आठवडे स्टिल्टनरांच्या घरातून ठाक ठाक आवाज येत होता.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मिस ओटिलींना जेवायला बोलावलं. वेंडेल त्यांना गाडीतून घेऊन आला. कोंबडी झाली, राजमा झाला, मग रोवीनानं चव बघायला म्हणून पहिला केक कापला. मिस ओटिली बशी हातात घेऊन शेगडीजवळच्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांची नजर कढईवर पडली.

"हे काय?"

"दगड दळायचा गोळा," वेंडेल म्हणाला. "टेटांकडे सापडला. काही विशेष नाही."

"वजन किती?"

वेंडेलनं केकचा घास गिळला. "वजन... केलं नाही."

"माप?"

"तसं पपनसाएवढा आहे."

"टपालवाल्या," बाई हळूच म्हणाल्या, "तू आधी नाव ठेवलंस."

वेंडेलचे कान तापले. बाईंनी पर्समधून टेप काढून त्याच्याकडे टाकली. त्यानं गोळ्याभोवती गुंडाळली. चौदा इंच आणि वर किंचित. बाईंनी पुटपुटत हिशेब केला. "म्हणजे आडवा साडेचार. ह्या मापाचा भरीव लोखंडी गोळा साडेबारा पौंडांचा हवा. वजनकाटा आण."

घरात काटा एकच होता, न्हाणीघरातला, माणसाचा. वेंडेल आधी गोळा पोटाशी धरून त्यावर उभा राहिला, मग गोळा परत कढईत ठेवून नुसताच उभा राहिला. आकडे वाचायचं काम रोवीनाकडे.

"दोनशे एकवीस," ती म्हणाली. मग वाकून म्हणाली, "आणि दोनशे बारा. वेंडेल! डॉक्टरला तू एकशे नव्वद सांगितलंस!"

"रो, आत्ता ते—"

"बावीस पौंड! बावीस पौंड लपवलेस तू!"

"गोळा नऊ पौंडांचा आहे," मिस ओटिली म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता की दोघंही भांडण विसरले. "साडेबारा हवे होते. साडेतीन पौंड लोखंड कुठं गेलं?"

रोवीनानं काटा पायानं बाजूला सारला.

"दळायचे गोळे भरीव असतात," बाई म्हणाल्या. "हा पोकळ आहे. वेंडेल, जसा आहे तसाच राहू दे त्याला. हात लावू नकोस. रोवीना, मला जरा उठव."

त्या रोवीनाच्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या आणि भिंगातून बघू लागल्या. दोन आठवड्यांच्या हातोड्यानं गोळ्याच्या एका बाजूची गंजाची साल निघून लख्ख झाली होती. त्या लख्ख जागेच्या मधोमध नाण्याएवढा पिवळट गोल दिसत होता.

"गोळ्याला बेंबी आहे," मिस ओटिली म्हणाल्या.

"हो, ती पितळेची टिकली," रोवीना म्हणाली. "मला वाटलं डाग दिलाय. तिथं छान खळगा पडलाय, अक्रोड अगदी घट्ट बसतो त्यात."

"आणि वरून तू...?"

"हातोडा."

"किती?"

"दोन बादल्या," रोवीना म्हणाली, आणि ते म्हणता म्हणता तिला समजलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. वेंडेल भिंतीइतका पांढरा झाला होता.

"ही बत्तीची जागा," मिस ओटिली म्हणाल्या. "आत दारू भरलेला तोफगोळा आहे हा. न फुटलेला. आता आपण तिघंही मागच्या दारानं अंगणात जाऊ. पळायचं नाही. मला तसंही येत नाही."

ते निघाले. पुढं रोवीना, मधे मिस ओटिली, मागं वेंडेल. ओसरीच्या तीन पायऱ्या उतरायला मिस ओटिलींना एरवी जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. वेंडेलला मात्र वाटलं, एवढ्या वेळात आपण सगळ्या खोऱ्याचं टपाल वाटून आलो असतो. कुंपणापलीकडे मक्याच्या रानात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की बाईंच्या हातात केकची बशी तशीच आहे आणि त्या खातायत.

"मॅडम!"

"काय झालं? केक चांगला झालाय."

बाईंच्याच पर्समधल्या जुन्या फोनवरून त्यांनी शेरीफच्या कचेरीला कळवलं. डेप्युटी टॅन्सी रॅटलिफ आली. तिनं खिडकीतून लांबूनच एकदा आत डोकावलं आणि रस्ता दोन्हीकडून बंद केला. राज्य पोलिसांचं बॉम्बपथक यायला तीन तास होते. तेवढ्यात बातमी कुठल्याही टपालापेक्षा लवकर पोचली. चारशे यार्डांवर, टेटांच्या धान्याच्या कोठाराशी, लोक घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन जमले. लॉयल मॅबरी सर्वांत पुढच्या खुर्चीत.

"बघितलंत?" तो आलेल्या प्रत्येकाला सांगत होता. "मी आधीच म्हणालो होतो, तोफगोळा आहे!"

"लॉयल, तू तो गोळा पाहिलेलासुद्धा नाहीस," रोवीना म्हणाली.

"पाहिला असता तर म्हणालो असतोच की!"

वेंडेल सगळ्यांपासून बाजूला एका ओंडक्यावर बसला होता. त्याला राहून राहून एकच चित्र दिसत होतं. रोवीना शेगडीशी बसलीय, गुणगुणतेय, हातोडा वर गेलाय, आणि आपण शेजारच्या खोलीत बटणं पुसतोय. शेवटी तो उठून तिच्यापाशी गेला.

"रो, मी..."

"आत्ता नको," ती म्हणाली. "आत्ता बोललास तर मी रडेन, आणि मला मॅबरीसमोर रडायचं नाही." पण तिनं त्याचा हात धरला, आणि पथक येईपर्यंत सोडला नाही.

पथकानं रणगाड्याच्या पिल्लासारखं एक यंत्र आणलं होतं. ते घुरघुरत ओसरी चढून स्वयंपाकघरात गेलं आणि कढईसकट गोळा लोखंडी हातात धरून बाहेर आलं. कढईच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती. पथकाचा प्रमुख, पांढऱ्या मिश्यांचा शांत माणूस, दुर्बिणीतून वाचू लागला. "'दगड दळायचा गोळा. किंमत शून्य.' कुणाचं हे अक्षर?"

"माझं, सर."

"अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला.

गोळा वाळूच्या पेटीतून गावाबाहेरच्या खाणीत नेला. सूर्य मावळायच्या जरा आधी खोऱ्यात आवाज झाला. ढगांचा गडगडाट लांबून येतो, हा पायांतून आला. टेटांच्या सगळ्या गायींनी एकाच वेळी मान वर केली. खुर्च्यांतले लोक उठून उभे राहिले, लॉयलसुद्धा.

प्रमुख परत आला तेव्हा त्यानं टोपी काढली होती. "दीडशेहून जास्त वर्षं जमिनीत होता. पाणी शिरून दारू बहुतेक वेळा खराब होते. ही मात्र कोरडीठाक निघाली. कुठं ठेवला होता तुम्ही हा?"

"शेगडीजवळ," वेंडेल म्हणाला. "वाळावा म्हणून."

प्रमुखानं मिश्यांवरून हात फिरवला. "आणि त्यावर एका ठिकाणी ठोकल्याच्या शंभरेक खुणा होत्या. त्या कशाच्या?"

"अक्रोड," रोवीना म्हणाली.

प्रमुखानं वही काढली. मग त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "बाई," तो म्हणाला, "ह्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली. मी पुढच्या रविवारपासून चर्चला जाणार आहे."

"मेळावा शनिवारी आहे," मिस ओटिली म्हणाल्या. "केकला या."

तो खरंच आला. रोवीनाचे चार केक अर्ध्या तासात संपले, कारण प्रत्येकाला 'तो' केक खायचा होता. तिच्या कानाशी मात्र अजून हातोडा वाजत होता, त्यामुळे पुढच्या वर्षापासून भोपळ्याचा केक, असं तिनं तिथंच जाहीर केलं. वेंडेल सोमवारी स्वतःहून डॉक्टरकडे जाऊन खरं वजन सांगून आला. वाटेत टायरच्या दुकानात थांबला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "लॉयल, तुझ्या वडलांची वस्तू मी हातात न घेताच बोललो. चुकलं." लॉयलनं ती भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिली. वेंडेलनं वजन घेतलं, कडा पाहिल्या, मागची बाजू पाहिली. तो कुळवाचा दातच होता. पण ते त्यानं लॉयलला दुकान बंद झाल्यावर, दोघंच असताना सांगितलं.

नोव्हेंबरच्या बैठकीत क्लबानं वेंडेलसाठी कोपऱ्यातल्या टेबलाशी दुसरी खुर्ची ठेवली. मिस ओटिलींची तशी मागणी होती, गुडघ्यांचं निमित्त सांगून. पहिलीच आली ती टेटांची सून. तिनं कागदात गुंडाळलेली पितळी वस्तू पुढं ठेवली. बोटभर लांब, एका टोकाला चिमुकली वाटी, दुसऱ्या टोकाला आटे, मधे एक आरपार भोक.

वेंडेलनं ती तोलली. मापली. डोळे मिटून कडांवरून बोट फिरवलं. मागची बाजू पाहिली, वाटीत नाक घालून वासही घेतला. तळघरातले सगळे वाट बघत होते. त्याच्या मनाच्या दारात तीन-चार नावं उभी होती, आणि सगळीच भामटी दिसत होती.

"मला माहीत नाही," वेंडेल म्हणाला.

हे बोलायला त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी सोपं गेलं. त्यानं वस्तू शेजारी सरकवली. मिस ओटिलींनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ओठांना लावून फुंकली. काही वाजलं नाही. त्यांनी ती दिव्याकडे धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेंडेलनं आजवर न पाहिलेलं काहीतरी उमटलं.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "अरे, मला माहीत नाही! किती वर्षांनी!"

त्यांनी टेटांच्या सुनेकडून ती वस्तू आठवड्यासाठी मागून घेतली आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. गुरुवारी दोघांनी त्यावर दुपार घालवली. त्यानंतरचा गुरुवारही घालवला. आठवड्याचा महिना झाला, पुस्तकं झाली, कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना फोन झाले. डिसेंबरात एका सोमवारी सकाळी सात वाजता स्टिल्टनरांच्या घरी फोन वाजला. रोवीनानं उचलला, ऐकलं, आणि तो नवऱ्यापुढं धरला.

"टपालवाल्या," पलीकडून मिस ओटिलींचा आवाज आला, तरुण पोरीसारखा, "कंदिलाचा भाग नाही, एवढं नक्की झालं. आटे उलटे आहेत, आपण पाहिलंच नाही! गुरुवारपर्यंत थांबू नकोस. ये, मी कॉर्नब्रेड टाकलाय."

"आलोच, मॅडम," वेंडेल म्हणाला, आणि टोपी शोधू लागला.